रिकामा डबा परत जात नाही

श्वेता धकाते हिला दिवसभरात जी माणसे भेटत, ती सगळी निघालेली असत. ज्यांना राहायचे असते ते फोन करीत नाहीत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, दाराशी पोचलेल्या या माणसांचा पदर धरून ठेवणे हे तिचे काम होते. कंपनीने या कामाला ‘ग्राहक-स्नेह’ असे नाव दिले होते. नाव ठेवणाऱ्याने शब्दकोश चाळला असावा आणि ‘अडवणूक’ या शब्दापाशी पोचल्यावर लाजून पान उलटले असावे.

कंपनीच्या अ‍ॅपचे नाव ‘बागसखा’. संत्रा, मोसंबी, डाळिंब लावणाऱ्यांना ते खतपाण्याचा सल्ला देत असे, आणि रोज सकाळी सहा वाजता एका गोड, ध्वनिमुद्रित आवाजात फोन करून त्या दिवसाचे काम सांगत असे. सदस्य व्हायला एक बोट पुरे. बाहेर पडायला मात्र सात पडदे ओलांडावे लागत. पहिल्यावर ‘खरेच?’ असा प्रश्न होता, चौथ्यावर एका कोमेजलेल्या रोपाचे चित्र होते, आणि सातव्यावर मोक्षाऐवजी श्वेता होती.

असे करू नये असे सरकारने लेखी सांगितले होते. दोन हजार तेवीसच्या अखेरीस निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा युक्त्यांची नावानिशी यादी दिलेली आहे, आणि तीत सदस्यत्वाचा सापळाही आहे. कंपनीच्या वकिलाने ती यादी फार मन लावून वाचली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी फुटलेली प्रश्नपत्रिका विद्यार्थी वाचतो तशी. बाहेर जाण्याचे बटण कंपनीने काढले नव्हते. ते फक्त ग्राहकाच्या हाताशी न ठेवता श्वेताच्या हाताशी ठेवले होते, आणि ग्राहकाने तीन वेगवेगळ्या भेटी, म्हणजे सवलती, स्वतःच्या आवाजात स्पष्ट ‘नको’ म्हणून नाकारल्याखेरीज ते उजळत नसे. त्यानंतर त्या माणसाच्या नावापुढे ‘मुक्त’ अशी नोंद पडे. जो अडकून राही त्याच्यापुढे ‘जतन’. शंभरातली सत्तर माणसे जतन झाली नाहीत, तर पुढच्या महिन्यात श्वेता मुक्त.

ती मराठीची एम.ए. होती, सेट उत्तीर्ण होती, आणि नऊ वर्षे तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवून झाल्यावर तिला एवढेच कळले होते की शिकवणाऱ्याला तासावर विकत घेता येते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरता येते. वडील उमरेडला हातमागावर धोतरजोड्या विणत. ते गेले, मग आई गेली, आणि माग कुणाच्या तरी सरपणात गेला. भाऊ पंकज हैदराबादला होता; तो रोज सकाळी फुलांचे एक चित्र पाठवी आणि त्याखाली सुप्रभात लिहिलेले असे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण सिंधूताई दर महिन्याच्या पाच तारखेला बोलत. दिवसाला साठ माणसांशी बोलणाऱ्या श्वेताशी कोणी बोलत नव्हते. आणि त्या साठ जणांशी ती जी भाषा बोलत असे ती तिची नव्हती. प्रशिक्षणात ‘मले’, ‘तुले’ असे दोनदा निघून गेल्याबद्दल तिचे गुण कापले गेले होते.

मनोहररावांचा पहिला फोन मार्चमध्ये आला.

“हॅलो. मले हे बागसखा बंद करा लागते.”

“नमस्कार मनोहरराव, मी श्वेता. आपण आम्हाला सोडून जात आहात हे ऐकून वाईट वाटले. कारण कळू शकेल का?”

“कारण म्हणजे, बाग नाही राहिली, बाई.”

श्वेतासमोरच्या पडद्यावर कारणांची यादी होती: महाग वाटते, वेळ मिळत नाही, उपयोग होत नाही. बाग नाही, हे कारण कंपनीला सुचले नव्हते.

कळमेश्वरच्या पुढे सहा किलोमीटरवर त्यांचे गाव. संत्र्याची दोनशे अठ्ठेचाळीस झाडे. मुलगा जितेंद्र पुण्याला. त्याने जागा एका गोदामवाल्याला दिली आणि वडिलांना आराम दिला. जेसीबीने दोन दिवसांत काम आटोपले. मनोहररावांनी हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. सांगायचे ते एवढेच होते की फोन अजून येतो.

“रोज सहा वाजता म्हणते, आपल्या दोनशे अठ्ठेचाळीस झाडांना पाणी द्या. मी त्याच्यात झाडं शून्य करून पाह्यली. शून्य घेत नाही ते. कमीत कमी एक झाड पाह्यजे म्हणते. आता ते एक कुठून आणू?”

“आपली अडचण मी समजू शकते. आपण जुने सदस्य आहात म्हणून पुढचा एक महिना मी आपल्याला भेट देऊ इच्छिते.”

इथे ‘आम्ही’ म्हणायचे नाही, ‘मी’ म्हणायचे, असा नियम होता. कंपनीला नाही म्हणणे सोपे असते. माणसाला जड जाते.

मनोहररावांनी खात्री करून घेतली.

“तुम्ही देऊन राहिल्या?”

“हो. मी देते आहे.”

“मंग काय. लेकीनं देल्लं, त्याले नाही कसं म्हणू.”

पहिल्याच भेटीवर जतन. श्वेताने नोंद केली आणि पुढचा फोन घेतला. पण त्या दिवशी संध्याकाळी हेडफोन काढून ठेवल्यावरही तो ‘लेकीनं’ तिच्या कानाशी राहिला.

एकोणतिसाव्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. आधीच्याच स्नेह-सहकाऱ्याशी बोलायचे असल्यास एक दाबा, अशी सोय कंपनीने ठेवली होती, कारण अनोळखी माणसाला दोनदा नाही म्हणता येते, ओळखीच्याला येत नाही.

“बंद करा लागते वं बाई. पण एक आडते.”

“काय अडते?”

“तुमचा डबा आला माझ्याइकडं. महिन्याचा. आता तो रिकामा कसा परत करू?”

श्वेताला ते लगेच कळले. दुसऱ्या कोणाला कळले नसते. कंपनीच्या वकिलाला तर नाहीच. शेजारणीने भाजीचा डबा पाठवला, तर तो धुऊन रिकामा परत करायचा नसतो, चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच द्यायचा. उमरेडला एकदा घरात साखरही नव्हती, तेव्हा आईने शेजारणीच्या डब्यात जरीच्या धाग्याची एक लड ठेवून पाठवली होती. मनोहरराव निघायला तयार होते. फक्त निघण्यापूर्वी त्यांना भेटीची परतफेड करायची होती.

“पण तो महिना तुम्हाला नकोच होता ना?” ती म्हणाली.

“कारलं पाठवलं असलं तरी डबा रिकामा जात नाही, बाई. पत्ता सांगा तुमचा. तुरीची दाळ पाठवतो. कंडक्टर ओळखीचा हाये.”

“पत्ता देण्याची परवानगी नाही, मनोहरराव.”

“मंग थांबतो. सुचन काहीतरी.”

याच क्षणी तिला सांगता आले असते. हा डबा नाही, हा गळ आहे. तुम्ही निघू शकता, कारण न देता निघू शकता, तुमचा तो हक्क आहे. मी ऐकत नसेन तर एक नऊ एक पाच या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार ऐकतात. तो क्रमांक उच्चारू नये असे तिला बजावलेले होते. पण ती त्यामुळे थांबली नाही. ती थांबली, कारण तिला एकदम वाटून गेले की हा माणूस पुन्हा फोन करील. तिने ‘जतन’ दाबले.

त्यानंतर दर गुरुवारी अकराच्या सुमारास फोन येऊ लागला. दर खेपेला नवा प्रस्ताव असे. इतवारी बाजारात साडूचे भांड्यांचे दुकान आहे, तिथे ठेवतो, तुम्ही घेऊन जा. नाही चालत. बरे, कंपनीच्या हापिसात पाठवतो. तिथे ते दुसऱ्याच कोणाच्या हाती पडेल. हो, तेही खरे. प्रस्ताव दोन मिनिटांत निकालात निघे, आणि उरलेली दहा मिनिटे कशाची होती याची नोंद करायला पडद्यावर रकाना नव्हता.

“तुम्ही बोलता तं असं वाटते का रेडिओवर बातम्या लागल्या,” ते एकदा म्हणाले. “असं घरीबी बोलता का?”

“काहून?” तिच्या तोंडून निघून गेले.

ते हसले. “हां. आता बोलल्या. कोण्या गावच्या वं?”

“उमरेड.”

“मंग इतके दिवस मले मुंबईची काहून वाटू देली?”

आणि दर वेळी, फोन ठेवण्यापूर्वी, ते विचारत, “जेवल्या का?” अकरा वाजता कोणी जेवत नाही. तो प्रश्न जेवणाबद्दल नव्हताच. श्वेता गुरुवारी मुद्दाम सकाळी लवकर स्वयंपाक करून जेवून घेऊ लागली. खोटे बोलावे लागू नये म्हणून.

तिकडे सकाळी सहाचा फोन सुरू होता, आणि महिन्याची रक्कम मनोहररावांच्या खात्यातून आपोआप कापली जात होती. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. ते तिच्यासमोरच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, हिरव्या अक्षरांत दिसत असे.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांचा आवाज थकलेला होता.

“तब्येत बरी आहे ना?”

“बरी हाये. परवा थोडी भोवळ आली बागेतून येता येता.”

“बागेतून?”

“हां म्हणजे, गोडाऊनच्या भिंतीजोळ. सकाळी फोन येते ना, पाणी द्या म्हणते. मंग घरी बसवत नाही. जातो तिथपर्यंत. पायीच. दीड कोस हाये. चौकीदार हाये तिथं दुर्गेश, बालाघाटचा पोट्टा. तो म्हणते, बाबाजी, आज कौनसी लाइन में पानी देना है? मी म्हणतो, आज तिसरी. तो हासते. मीबी हासतो.” ते हसले. “त्यानंच सोडलं घरी परवा, सायकलीवर बसवून.”

“ऊन किती आहे. जाऊ नका ना.”

“फोन आला का पाय निंगते, बाई. चाळीस वर्षं निंगले. त्याइले काय सांगू?”

त्या दिवशी ते ‘जेवल्या का’ विचारायचे विसरले, किंवा तिने ऐकले नाही. भरउन्हात भिंतीपाशी उभा असलेला एक म्हातारा माणूस तिला दिसत होता, आणि त्याला तिथे कोणी उभे केले याची गणना करताना तिला कंपनीपाशी थांबता येत नव्हते. सकाळचा तो ध्वनिमुद्रित आवाज कंपनीचा होता. पण सात वेळा ‘जतन’ दाबणारे बोट भाड्याचे असले तरी हाताचे होते.

पुढच्या बुधवारी तिचा वरिष्ठ ऋषिकेश याचा फोन आला. त्याचा स्वर फार प्रसन्न होता.

“मॅडम, कमाल करून राहिल्या तुम्ही. एकाच बुढ्यावर सात जतन?”

“ते जरा वेगळे आहेत, सर.”

“अरे, वेगळे म्हणूनच तं. तुमची रेकॉर्डिंग ट्रेनिंगले लावली आपण. नवी बॅच ऐकून राहिली. ‘लेकीनं देल्लं’ आलं ना, का पूर्ण रूम शांत. एक पोरगी तं रडली.”

“त्यांना विचारलं होतं का, सर? मनोहररावांना?”

“विचारलं ना. सुरुवातीलेच मशीन सांगते, कॉल प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. त्यानं फोन ठेवला का? नाही ठेवला. म्हणजे हो म्हटलं.”

न्यायशास्त्राच्या इतिहासात संमतीची इतकी स्वस्त व्याख्या क्वचितच झाली असेल. श्वेता “बरं, सर,” म्हणाली.

गुरुवारी अकरा वाजता फोन आला, तेव्हा त्यांना मोकळे करायचे तिने ठरवलेले होते. अडचण एकच होती. ती भेट मुळात भेट नव्हतीच, असे सांगितले तर ‘लेकीनं देल्लं’ हे शब्दही खोटे ठरणार होते; आणि ते सांगितले नाही, तर डबा परत केल्याखेरीज मनोहरराव तीनदा ‘नको’ म्हणणार नव्हते. त्यांना देता येईल असे काहीतरी मागायला हवे होते, जे तारेवरून येते आणि ज्याला पत्ता लागत नाही.

“बाबा,” ती म्हणाली. मनोहरराव म्हणायला ती विसरली. “मले तुमच्याकडून एक वस्तू पाहिजे.”

“सांगा ना. मी तं कवापासून विचारून राहिलो.”

“माझ्याकडे लिंबाचं झाड आहे. गच्चीवर, ड्रमात. ते बरं नाही.”

त्यांचा आवाज एकदम सरळ होऊन बसला. “काय होते त्याले?”

“पानं पिवळी पडतात.”

“नवी का जुनी?”

“नवी.”

“शिरा हिरव्या राह्यतात?”

“हो.”

“अन्?”

“पांढरी माशी आहे.” ती आठवेल ते सांगत गेली, बागसखाच्या माहितीपत्रकातली सगळी चित्रे तिच्या डोळ्यांसमोरून जात होती. “बुंध्यातून डिंक येतो. फळं गळतात.”

“लावलं कवा?”

“दिवाळीत.”

“कोणत्या दिवाळीत?”

“मागच्याच.”

“सहा महिन्याचं रोप,” मनोहरराव सावकाश म्हणाले, “अन् फळंबी गळून राहिली.”

पंख्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत असावा.

“झाड नाही तुमच्याजोळ, बाई.”

श्वेताने हेडफोनचा माइक ओठांपासून जरा दूर सारला.

“बरं,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “कागद घ्या. ल्ह्या.”

आणि ते सांगू लागले. रोप घेताना डोळा भरलेली, म्हणजे कलम बांधलेली जागा पाहून घ्यायची, आणि लावताना ती मातीच्या वर राहिली पाहिजे. बुंध्याला पाणी लागू द्यायचे नाही. बुंध्याभोवती एक आळे करायचे, त्याच्या बाहेर दुसरे, आणि पाणी बाहेरच्यातच सोडायचे, तहान मुळाच्या टोकाला असते. पावसाच्या आधी आणि पावसानंतर बुंध्याला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. लिंबूवर्गातले झाड तहानेने कमी मरते, पाण्याने जास्त मरते. लाडाने मरते म्हणा ना. “झाडाशी रोज बोलाची गरज नाही. रोज पाहाची हाये.” मोसंबीचे वेगळे, संत्र्याचे वेगळे. कोणत्या वर्षी गारपिटीने काय केले, आणि त्या वर्षी कोणती ओळ वाचली, तिसरी, आणि का वाचली. त्यांनी अठरा मिनिटे सांगितले. चाळीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते, आणि ज्या कंपनीने हेच विकायला घेतले होते तिनेही त्यांना फक्त ऐकवलेच होते. श्वेताने चार पाने भरून लिहिले.

“झाला का डबा भरून?”

“झाला, बाबा. काठोकाठ.”

“मंग विचारा आता. तुम्हाले जे विचारा लागते ते.”

तिने घसा साफ केला आणि बातम्यांच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“पुढील तीन महिने निम्म्या वर्गणीत सेवा घेण्याची आपली इच्छा आहे का?”

“नको.”

“पंधरा दिवसांची विश्रांती घेऊन नंतर सेवा पुन्हा सुरू करावी का?”

“नको.”

तिसरी भेट यंत्र स्वतः ठरवत असे, ग्राहकाच्या सवयी पाहून. ती पडद्यावर उमटली, तेव्हा श्वेताने ती दोनदा मनात वाचली. मग मोठ्याने वाचली, कारण वाचल्याखेरीज पुढे जाता येत नव्हते.

“आपल्या स्नेह-सहकाऱ्याशी दर गुरुवारी वीस मिनिटे बोलण्याची सुविधा, आपल्याला कायमस्वरूपी विनामूल्य.”

मग विचारणा आली, अगदी हळू.

“सकाळचा फोन?”

“तो सुरू राहील.”

ती त्यांना ‘नको म्हणा’ असे सांगू शकत नव्हती. यंत्र ऐकत होते. ‘हो म्हणा’ हेही सांगू शकत नव्हती, आणि ते न सांगण्यासाठी तिला ओठ दाताखाली धरावा लागला. पडद्यावर सेकंद मोजले जात होते. एकोणीस, वीस, एकवीस.

“नको,” मनोहरराव म्हणाले.

बटण उजळले. तिने ते लगेच दाबले, आपल्यावर भरवसा नसलेल्या माणसाने दार लोटावे तसे.

“बाबा, झालं. उद्यापासून फोन येणार नाही.”

“बरं झालं.” ते थांबले. “जेवल्या का?”

“जेवले.”

“काय...”

मुक्त झालेल्या ग्राहकाची ओळ यंत्र दहा सेकंदांनी तोडत असे. पडद्यावरून नाव गेले, गाव गेले, दोनशे अठ्ठेचाळीस झाडे गेली. दूरध्वनी क्रमांक तिला कधी दिसलेलाच नव्हता, आणि कंपनीची वाहिनी फक्त सदस्यांसाठी होती. काय जेवल्या, हे विचारायचे राहून गेले.

संध्याकाळी ऋषिकेशचा निरोप आला. सात वेळा राखलेला माणूस आठव्यांदा हातचा जाऊ देणे बरोबर दिसत नाही, अशाने टक्का घसरेल, ताकीद समजावी. पण सात फोनांतले तुकडे मागेपुढे जोडून केलेली प्रशिक्षणातली रेकॉर्डिंग तशीच राहणार होती. शेवटचा गुरुवार तेवढा त्यात घेतलेला नव्हता. कायद्याने मनोहररावांना बाहेर पडण्याचा हक्क दिला होता. त्यांच्या आवाजाला तो दिलेला नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळी श्वेताने सवयीने लवकर स्वयंपाक केला आणि ती जेवली. अकरा वाजले. चार पाने उशीजवळच्या वहीत घडी करून ठेवलेली होती. तिने पंधरा मिनिटांची विश्रांती मागून घेतली, प्रशिक्षणाचे पान उघडले आणि आदर्श संभाषणांच्या यादीतल्या तिसऱ्या क्रमांकावर बोट ठेवले. पडद्यावर सूचना आली: हे संभाषण पूर्ण ऐकल्याखेरीज बंद करता येणार नाही.

तिला ते बंद करायचे नव्हते.

“कोण्या गावच्या वं?” मनोहरराव विचारीत होते. ती ऐकत राहिली. तूरदाळ येऊन गेली, कंडक्टर येऊन गेला, इतवारीचे दुकान येऊन गेले. शेवटी तो प्रश्न आला.

“जेवल्या का?”

“जेवले, बाबा,” श्वेता रिकाम्या खोलीत म्हणाली, “तुरीचं वरण केलं होतं.” तोपर्यंत यंत्रातल्या श्वेतानेही, बातम्यांच्या आवाजात, काहीतरी उत्तर दिले होते, आणि दोघींचे बोलणे एकमेकींवर पडल्यामुळे मनोहरराव त्यानंतर काय म्हणाले ते तिला नीट ऐकू आले नाही.